आत्यांनी मागवलेला क्रॉसबो

शनिवारी दुपारी प्रॅक्टिकलच्या पोरांना लंबकाला लावून मी नुकतीच स्टुलावर टेकले होते, तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्या फोनवर हॅलो कधी म्हणत नाहीत. त्यांच्या मनात जे वाक्य चालू असेल ते मधूनच आपल्या कानात पडतं.

"...आन् कुरियरवाला किराणा दुकानात ठिवून गेलाय. तू आजच ये. परत करायची मुदत उद्यापातूर हाय."

"काय आलंय, आत्या?"

"धनुष्य."

मला वाटलं, गणपतीच्या देखाव्याचं काहीतरी असेल. "कसलं धनुष्य?"

"आडवं. बंदुकीवानी. त्येला घोडा आसतोय. क्रॉसबो म्हंत्यात. एवढी शिकलीस आन् क्रॉसबो म्हाईत न्हाई व्हय?"

मागं कुणाचा तरी लंबक तुटून फरशीवर पडला. मी फोन ठेवला आणि चारची एसटी पकडायची ठरवली.

मला बोलावण्यामागं कारण होतं. मी मूळची सातारची. शाळेपासून तिरंदाजी खेळले, राज्य पातळीपर्यंत गेले आणि तिथून सरळ घरी आले. लग्नाच्या बोलणीत आईनं ही गोष्ट फार अभिमानानं सांगितली होती. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्येनं शाळवावरची पाखरं उडत्यात का?" तरी लग्न झालं. नवरा फौजेत, बहुतेक वेळ कुठल्यातरी थंडीत. मी सांगलीत ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि शनिवारी शिराळ्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या आमच्या गावी जाते. तिथं आत्या, मामा, एक म्हैस आणि ऊस. उसात रानडुकरं.

डुकरांवर आमच्या गावानं काय काय केलं ते सांगण्यासारखं आहे. आधी सलूनमधले केस आणून बांधावर पसरले. हुंगताना डुकराच्या नाकात केस गेले की ते पळतं म्हणे. वर्षभर अख्ख्या गावाचे केस आमच्या बांधावर पडलेले असायचे, आणि डुकरं लग्नाच्या गालिच्यावरून जावं तशी त्यावरून जायची. मग जुन्या साड्यांचं कुंपण झालं. एका शनिवारी त्या कुंपणात मला माझ्या आईनं आत्यांना मानपान म्हणून दिलेली मोरपंखी साडी दिसली. "रंग भडक हाय, डुक्कर बिचकतंय," आत्या म्हणाल्या. ही माझ्या आईच्या आवडीची स्तुती होती का, ते मी विचारलं नाही.

शेवटी मामांनी भोंगा बसवला. मामा तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेत. त्यांनी स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला, "कौन है वहाँ! रुक जाओ!" डुकरं रुकायची. सगळं ऐकून घ्यायची. मग जेवायला बसायची.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. पण गेल्या दिवाळीच्या आधी मामा सकाळी मोटर चालू करायला निघाले आणि पाणंदीत समोरून एक डुक्कर आलं. वाट अरुंद, दोन्हीकडं ऊस. मामांच्या म्हणण्याप्रमाणं डुकरानं साइड मागितली आणि त्यांनी ती वेळेवर दिली नाही. मांडीचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, आत सळई घातली, आणि मामांच्या हातात काठी आली. मामा ही हकिगत येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायचे. ऐकणारेही हसायचे. आत्या तेवढा वेळ उठून चुलीकडं जायच्या.

त्यांना ते डुक्कर ठाऊक होतं. "डाव्या कानाला चीर हाय त्याच्या," त्या म्हणायच्या. अपघात झाला तेव्हा त्या घरात होत्या, त्यामुळं कान त्यांनी कधी बघितला हा प्रश्नच होता. पण तो कुणी विचारला नाही.

त्या संध्याकाळी मी पोचले तेव्हा सोप्यात खोकं उघडलेलं होतं आणि मामा त्यातलं माहितीपत्रक भिंगातून वाचत होते. पत्रक इंग्रजीत होतं, पण ते इंग्रजी कुठल्या देशातून आलं होतं देव जाणे. मामांनी मला भाषांतर करायला लावलं. मी केलं. "कृपया आनंदाने शिकार करा. बोट दोरीच्या वाटेत ठेवू नये, अन्यथा बोट उदास होईल."

"चांगलं लिव्हलंय," मामा म्हणाले.

मी आत्यांसमोर बसले आणि ठरवून आणलेलं बोलून घेतलं. रानडुक्कर असं मनात आलं म्हणून मारता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते. पकडलं तर केस होईल, आणि फौजीच्या आईला पोलीस घेऊन गेले असं गावभर होईल.

"मी मारणार हाय आसं कोण म्हनलं?"

"मग?"

"मी त्येला नुसतं दाखवणार हाय."

"आत्या, डुकराला क्रॉसबो काय ते कळणार आहे का?"

"तुला तरी कुठं कळलंवतं?"

मामांनी पत्रकाआड तोंड लपवलं.

मग आत्यांनी मला फोनवर तो व्हिडिओ दाखवला. तांबड्या दाढीचा एक गोरा माणूस जंगलात उभा राहून हाच क्रॉसबो हातात घेऊन बोलत होता. स्वस्तात मिळणारे क्रॉसबो कसे तपासायचे यावरच त्याचं प्रवचन होतं. तो दोरी ओढायचा, घोडा दाबायचा, लांबच्या भोपळ्यात बाण घुसायचा आणि तो दाढीतल्या दाढीत हसायचा. आत्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. "तोंडावरनं कळतंय की," त्या म्हणाल्या. "खोटं बोलणारा मानूस आसा हसत न्हाई." त्या विश्वासावर त्यांनी स्वतःच्या फोनवरून स्वतः ऑर्डर दिली होती. लेकाला सांगितलं नव्हतं, मामांना सांगितलं नव्हतं. पत्ता म्हणून फक्त किराणा दुकान आणि 'वडाच्या म्होरं' एवढंच बोलल्या होत्या, तरी खोकं पोचलं. आमच्या कॉलेजची पत्रं पिनकोड घालूनही पोचत नाहीत.

जेवायच्या आधी आम्ही क्रॉसबो जोडला. दिसायला झोकदार होता, काळा, बंदुकीसारखा दस्ता, वर लाल ठिपक्याची दुर्बीण. हातात घेतल्यावर मात्र प्लॅस्टिकच्या बादलीची आठवण व्हायची. आडवी कमान दांड्याला बसवायचा एक स्क्रू खोक्यात नव्हताच. मामांनी जुन्या फवारणी पंपाचा नट काढून तिथं बसवला आणि त्यावर ते खूश झाले. दोरीला लावायला मेणाची कांडी आली होती. ती थोड्या वेळानं सापडेना. बघतो तर मामा पाय पसरून टाचेच्या भेगांना लावत बसलेले.

"आवं, ते दोरीचं हाय!"

"दोरीच्या टाचा फुटल्यात व्हय?" मामा म्हणाले.

रविवारी सकाळी गोठ्याच्या मागं आम्ही चाचणी सुरू केली. खताच्या पोत्यात उसाचं पाचट ठासून ते बाभळीला टांगलं. मी सर्वांना, म्हणजे आत्या आणि मामांना, नियम सांगितले. दोरी ताणलेली असताना कुणी पुढं जायचं नाही. माणसाकडं तोंड करायचं नाही. बाण न लावता घोडा दाबायचा नाही, कमान फुटते. आमचे तिरंदाजीचे सर मैदानावर हे इतक्यांदा सांगायचे की मला ते झोपेतही म्हणता येतं. आत्या ऐकताना शेंगा फोडत होत्या.

मग दोरी ओढायची वेळ आली. पुढं लोखंडी रिकीब असते, तिच्यात पाय घालायचा, वाकायचं आणि दोन्ही हातांनी दोरी वर खेचून खाचेत अडकवायची. मी खेचली. अर्ध्यापर्यंत आली आणि परत गेली. पुन्हा खेचली. माझ्या खांद्यानं राज्य पातळीच्या वेळचा जुना कुरकुरीचा आवाज काढला. मामा खुर्चीवरून सूचना देत होते, "कंबर सीधी! साँस अंदर!" तोफेची दोरी त्यांनी एकट्यानं ओढली असणं शक्य नव्हतं, पण त्यांचा आत्मविश्वास तसाच होता.

आत्यांनी शेंगांचं सूप खाली ठेवलं. पदर खोचला. पाय रिकिबीत घातला आणि विहिरीतून घागर काढावी तशी दोरी सरळ वर आणली. खट्. जन्मभर रहाटानं पाणी ओढलेले ते हात. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, हे जास्त लागलं.

पहिला बाण मी मारला. लाल ठिपका पोत्याच्या मधोमध ठेवला, श्वास रोखला, घोडा दाबला. जोरात फाडकन आवाज झाला. पोतं हललं नाही. बाण पोत्यावरून, बाभळीवरून, बांधावरून गेला आणि पलीकडून 'डब्' असा एक आवाज आला. मग शांतता. मग पाणी पडल्याचा आवाज.

बांधापलीकडं आण्णांचं घर. आण्णा म्हणजे मामांचे चुलतभाऊ. त्या दोन घरांत बोलणं नव्हतं. बांध कुणाच्या बाजूनं किती सरकला यावरून माझ्या लग्नाच्याही आधी ते थांबलं होतं. काही सांगायचंच असलं तर दोघं भाऊ आपापल्या दारातून आमच्या म्हशीला मोठ्यानं सांगायचे. "कायगं, उद्या लाईट जाणार हाय म्हनं!" असं आण्णा म्हशीला म्हणायचे आणि मामा मोटर आधीच चालू करून ठेवायचे. म्हशीला गावातल्या सगळ्या बातम्या ठाऊक असायच्या.

आण्णा आले ते ओल्या अंगानं, कमरेला टॉवेल, खांद्याला साबणाचा फेस, हातात बाण. अंगणात येऊन त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. म्हैस नव्हती. तिला चरायला सोडलं होतं. क्षणभर त्यांची फार अडचण झाली. मग त्यांनी आत्यांकडं तोंड केलं.

"वैनी, ह्ये तुमचं हाय का?"

इतक्या वर्षांत दोन घरांतलं पहिलं सरळ वाक्य हे.

"कुठं लागलं?" आत्या म्हणाल्या.

"टाकीला. आंगूळ करत हुतो. नळ आटला म्हनून वर बघतोय तर टाकीला दुसरा नळ!"

"म्हंजी रेंज चांगली हाय," मामा खुर्चीवरून म्हणाले. आण्णांना उद्देशून की हवेला, ते समजलं नाही.

मला वाटलं आता बांधाचं सगळं उकरून निघणार. मी माफी मागायला तोंड उघडलं. पण आण्णांची नजर क्रॉसबोवर गेली होती. ते जवळ आले. फेस पुसला. हात लावला.

"डुकरासाठी व्हय?"

"व्हय," आत्या म्हणाल्या.

"माझा भुईमूग सगळा उकरला गड्या भाड्यांनी. एक शेंग ठिवली न्हाई." मग ते मामांच्या पायाकडं बघून म्हणाले, "पाय कसाय, दादा?"

मामा काठीशी चाळा करत राहिले. "सळई हाय आत. थंडीत ठणाकतोय."

"मी आलोवतो दवाखान्यात. मिरजंला. भाइर बसून गेलो."

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. "खिडकीतनं टोपी दिसलीवती."

आत्यांनी चहा टाकला. आण्णा टॉवेलवरच बसले.

त्यानंतर दुपारपर्यंत परीक्षा चालली आणि परीक्षक आता चार होतो. एवढा वाईट नेम माझ्या हातून कधी लागला नव्हता. दुर्बीण घट्ट बसतच नव्हती. प्रत्येक बाणानंतर ती थोडी वळायची, जणू तिला दुसरीकडं काम आहे. एक बाण पोत्याच्या उजव्या कानाला, पुढचा डाव्या काखेत. घोडा इतका ढिला की नुसतं बोट टेकवलं तरी सुटायचा, आणि कधी जोर लावूनही हलायचा नाही. दोरी ताणली की सुरक्षेचा खटका आपोआप लागत होता, तो दर वेळी हातानं काढावा लागायचा, आणि तो काढायला नखं लागायची. दोरीचे धागे दुपारीच विसविशीत झाले. आण्णांनी एक बाण मारला तो पोत्यात अगदी मधोमध बसला, आणि त्यानंतर त्यांनी पुन्हा मारायला साफ नकार दिला. अजूनही ते गावात सांगतात, "मी एकच मारला."

मी निकाल दिला. नेम नाही, भरवसा नाही, आणि समोरच्यापेक्षा हातात धरणाऱ्याला धोका जास्त. आज खोक्यात घालून परत पाठवू.

आत्या म्हणाल्या, "दिस मावळायच्या आत एकदा रानात नेऊ. मग घाल खोक्यात."

उन्हं उतरल्यावर आम्ही उसाच्या कोपऱ्यावर गेलो. पाटाच्या कडेला मामांसाठी प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. आण्णाही आले, आता शर्ट घालून. आत्यांनी क्रॉसबो ताणला, बाण बसवला आणि उसाकडं तोंड करून बांधावर बसल्या. मी म्हटलं बाण काढा. त्यांनी ऐकलं नाही. मी म्हटलं निदान खटका काढू नका. "त्येला हात लावला न्हाई," त्या म्हणाल्या आणि ते खरं होतं.

उसात वारा सळसळत होता. मग मामा म्हणाले, "अगं, पाय माझा मोडलाय. राग मला यायला पायजे. मला न्हाई आला."

आत्या उसाकडंच बघत होत्या. "तुमाला कसा येईल? तुमी आडवे पडला हुता. मी उभी हुते."

मामांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"डाक्टर कागदावर सही मागत हुता. रगत किती गेलं सांगंना. पोरगं तिकडं, फोन लागंना. तुमी बेसुद. आन् आता हसून सांगताय, साइड मागितली म्हनून."

मी पाटातल्या पाण्याकडं बघत राहिले. मिरजेला मी पोचले तेव्हा ऑपरेशन सुरू झालेलं होतं आणि आत्या भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या होत्या. मी बसा म्हटलं तर म्हणाल्या, बाकडं वल्लं हाय. बाकडं कोरडं होतं.

"न्हाई सांगत आता हसून," मामा हळूच म्हणाले.

तेवढ्यात ऊस हलला.

वारा नव्हता तिथं ऊस हलला. कडेची दोन धाटं वाकली आणि त्यांच्यामधून एक काळं, केसाळ, मातीनं माखलेलं तोंड बाहेर आलं. दगड मारला तर लागेल इतक्या अंतरावर. त्याचा डावा कान कसा होता हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मी कानाकडं बघत नव्हते. मी सुळ्यांकडं बघत होते.

आत्या उभ्या राहिल्या. दस्ता खांद्याला लावला. घोडा दाबला.

काही झालं नाही. खटका लागलेलाच होता.

पुन्हा दाबला. डुक्कर मान वर करून बघत होतं. त्याला खरंच दाखवलं जात होतं, आणि त्याला ते बघायलाही आवडत असावं.

आत्यांनी मग डुकराच्या आईपासून सुरुवात केली. ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी हातघाईवर येऊन त्यांनी क्रॉसबो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि कपड्याचं पिळलेलं बोचकं दगडावर आपटावं तसा डुकरावर फेकला. ताणलेल्या दोरीसकट, बाणासकट.

"खाली!" मी किंचाळले आणि बांधाआड पडले. आण्णा थेट पाटात गेले. मामांनी खुर्चीवरून अंग सोडून दिलं आणि पायात सळई असलेला तो माणूस रिक्रूटसारखा पोटावर आडवा झाला. "पोझिशन!" असंही ते म्हणाले. उभ्या राहिल्या त्या फक्त आत्या.

दिवसभर एकदाही सरळ न गेलेला तो क्रॉसबो फेकल्यावर मात्र अचूक लागला. डुकराच्या ढुंगणावर धपकन पडला. खटका कुठंतरी आपटून निसटला, दोरी सुटली, फाड् असा आवाज झाला, कमान मधून तडकली आणि बाण बांधाच्या चिखलात शेपटीपर्यंत घुसला. डुक्कर जे ओरडलं ते अगदी माणसासारखं होतं. ते वळलं आणि उसातून असं पळालं की धाटं मोडल्याचा आवाज ओढ्यापर्यंत ऐकू आला. पलीकडून आणखी काही पळाली. ती आत होती हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मग सगळं शांत झालं. मी अंग चाचपून बघितलं, सगळी शाबूत होते. तो बाण दुसरीकडं गेला असता तर, हा विचार मला अजून कधीकधी वर्गात फळ्यावर लिहिताना येतो.

आत्या मामांजवळ गेल्या. "पडला का? पाय? पाय बगू."

"पडलो न्हाई. पोझिशन घेतली."

"कशापायी घेतली आं? कशापायी?" असं म्हणत त्यांनी मामांच्या पाठीवरची माती झाडली आणि ती झाडताझाडता त्या रडायला लागल्या. मामा उताणे झाले, त्यांनी आत्यांचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. आण्णा पाटात गुडघाभर पाण्यात उभे होते. ते दुसरीकडं बघायला लागले. मीही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी टाकून मी दोघांना मिरजेला घेऊन गेले. आण्णाही गाडीत बसले. कुणी बोलावलं नव्हतं. डॉक्टरांनी पाय हलवून बघितला, एक्सरे काढला आणि विचारलं, "आता काय झालं? कसे पडलात?"

"न्हाणीत घसरलो," मामा म्हणाले.

"डुक्कर," आत्या त्याच वेळी म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी फिजिक्स शिकवते, खोटं बोलायची सवय नाही. मी म्हटलं, "पोझिशन घेतली." सळई जागेवर होती. नशीब आमचं.

मोडलेला क्रॉसबो परत करता येईना. कंपनीच्या ॲपवर कारणं दिलेली होती. आकार बसत नाही, रंग वेगळा आला, आवडलं नाही. डुकरावर फेकून मोडला असं त्यात नव्हतं. त्यामुळं आत्यांनी अभिप्राय द्यायचं ठरवलं. चांदण्या किती द्यायच्या असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं एक. त्यांनी थोडा विचार केला आणि दोन दिल्या. "लागला की," म्हणाल्या. मग फोन तोंडाशी धरून त्या बोलल्या आणि फोननं जमेल तसं लिहून घेतलं, "वस्तू हलकी हाय. नेम न्हाई. खटका नखानं निघतोय, घाईत निघत न्हाई. शेजाऱ्याची टाकी फुटली. फेकाय चांगली. त्या दाढीवाल्याला सांगा, भोपळा पळत नसतोय." दोन दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं, आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार, आपल्या आनंदातच आमचा आनंद. आत्यांनी ते मला दोनदा वाचायला लावलं आणि "चांगली माणसं हायत" असा शेरा दिला.

आण्णांची टाकी आम्ही भरून दिली. म्हणजे नवी घेऊन दिली. ती बसवताना दोघा भावांचं छतावर बोलणं झालं आणि त्यातून झटका मशीन बसवायचं ठरलं. सौर पॅनेलवर चालतं, तारांतून हलका झटका देतं, डुक्कर मरत नाही, नुसतं अपमानित होऊन जातं. एका घराला परवडत नव्हतं, दोघांना मिळून परवडलं. पण तार दोन्ही शिवारांभोवती एकच घ्यायची म्हटल्यावर मधल्या बांधावर कुणाचेच खांब येईनात. ज्यावरून एवढी वर्षं अबोला धरला तो बांध तारेच्या आत पडला आणि कुणाचा किती हे बघायची गरजच उरली नाही. म्हणून काही भांडण संपलं असं नाही. पेटी कुणाच्या बाजूला ठेवायची, बॅटरीचं पाणी कुणी बघायचं, तारेखालचं गवत कुणी कापायचं, यावरून ते रोज सकाळी भांडतात, पण आता समोरासमोर. तार जोडल्यावर चालते का नाही हे बघायला मामांनी काठीचं टोक लावलं. काठी लोखंडी होती. आण्णा पोट धरून खाली बसले इतके हसले.

डुकरं आता आमच्याकडं कमी येतात. येतच नाहीत असं म्हणवत नाही.

मामांनी थंडी कमी झाल्यावर पुन्हा सकाळी मोटर चालू करायला जायला सुरुवात केली. पाणंदीतूनच जातात, काठी टेकत, सावकाश. थोडं अंतर ठेवून मागून आत्या येतात, हातात विळा. गवत कापायला चालले म्हणतात. मी एकदा त्यांच्यामागून गेले होते. त्या बाजूला गवत नाही.